मंगळ राहण्याजोगा करता येईल का? तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

आम्ही काही मित्र अमावास्येच्या आसपास गावाबाहेर माळावर टेलिस्कोप लावतो आणि येईल त्याला आकाश दाखवतो. मंगळ दिसत असेल त्या रात्री हे प्रश्न ठरलेले, आणि घरी गेल्यावर व्हॉट्सअपवर परत तेच. म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. सोपे आधी, अवघड नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला नंबर टाकलाय, परत परत लिहिलेलं नाही.

१. टेराफॉर्मिंग टेराफॉर्मिंग म्हणतात ते नक्की काय?

एखाद्या ग्रहाची हवा, तापमान आणि पाणी इतकं बदलायचं की माणूस स्पेससूट न घालता, मास्क न लावता घराबाहेर पडू शकेल. टेरा म्हणजे लॅटिनमध्ये जमीन किंवा पृथ्वी. शब्द आला १९४२ मधल्या एका विज्ञानकथेतून, पण १९६१ मध्ये कार्ल सेगन यांनी 'सायन्स' मध्ये शुक्राबद्दल हा विचार मांडला आणि १९९१ मध्ये ख्रिस मकाय, ओवेन टून आणि जेम्स कास्टिंग यांनी 'नेचर' मध्ये मंगळाचा हिशोब मांडला, तेव्हापासून हा अभ्यासाचा विषय आहे. एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात वेगळी ठेवा: बंद घर बांधून आत राहणं ही वसाहत झाली, ते टेराफॉर्मिंग नाही. बातम्यांमध्ये दोन्हीची सरमिसळ असते आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. (बंद घराबद्दल प्रश्न १६.)

२. शुक्र तर जास्त जवळ आहे, मग सगळे मंगळाच्याच मागे का?

जवळ आहे हे खरं, गुरुत्वाकर्षणसुद्धा पृथ्वीच्या ९० टक्के आहे. पण जमिनीवर तापमान ४६५ अंश आणि हवेचा दाब आपल्या ९२ पट, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यासारखा. १९८२ मध्ये रशियाचं व्हेनेरा १३ तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं, आणि ते भरपूर टिकलं असंच सगळे मानतात. सेगन यांची कल्पना होती की ढगांमध्ये शेवाळाची जात सोडायची, ती कार्बन डायऑक्साइड खाईल. पण तेव्हा तिथला दाब किती भयानक आहे हे कळलेलं नव्हतं, कळल्यावर ती कल्पना मागे पडली. शुक्रावर जागा शोधणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ५० किमी वर ढगांमध्ये मात्र दाब आणि तापमान दोन्ही बऱ्यापैकी आपल्यासारखे आहेत, पण तिथं पाय टेकायला जमीन नाही आणि ढग सल्फ्युरिक अॅसिडचे.

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, आस साधारण २५ अंश कललेली म्हणून आपल्यासारखे ऋतू, आणि जमिनीत बर्फ. म्हणून मंगळ. चंद्रावर हवा जवळपास शून्य. शनीच्या टायटनवर हवा आपल्यापेक्षा दाट आहे पण तापमान उणे १७९, तिथं काही गरम करायचा विचारच सोडा.

३. आत्ता मंगळावर सूटशिवाय उभं राहिलं तर नक्की काय होईल? थंडीनं मरू का?

थंडीची वेळच येणार नाही हो. आपल्याकडे समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलीबार, मंगळावर सरासरी ६. दाब ६३ मिलीबारच्या खाली गेला की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळायला लागतं, म्हणजे जिभेवरची लाळ, डोळ्यातला ओलावा. पंधराएक सेकंदांत शुद्ध जाईल. म्हणून लोक विचारतात 'ऑक्सिजन मास्क लावला तर चालेल ना', तर नाही चालणार, आधी दाब पाहिजे. निदान अडीचशे-तीनशे मिलीबार असेल तर मास्क लावून साध्या कपड्यात फिरता येईल.

थंडीचं म्हणाल तर सरासरी उणे ६० च्या आसपास, पण विषुववृत्तावर उन्हाळ्यात दुपारी जमीन २० अंशापर्यंत तापते. गंमत अशी की हवा इतकी विरळ की ती उष्णता धरूनच ठेवत नाही, पायाशी ऊब आणि डोक्याच्या उंचीवर गोठवणारी थंडी, एकाच वेळी, एकाच माणसाला.

४. तिथं पूर्वी नद्या होत्या म्हणतात, मग हवा गेली कुठे?

होत्या, यात आता वाद नाही. नासाची क्युरिऑसिटी ही फिरती गाडी २०१२ मध्ये मंगळाच्या गेल विवरात उतरली आणि थोड्याच दिवसांत तिला गोल गोल झालेले खडे सापडले, आपल्या नदीपात्रात असतात अगदी तसे. दगड असा गुळगुळीत व्हायला वाहतं पाणी लागतं. पर्सिव्हिअरन्स ही तशीच दुसरी गाडी जिथं उतरली त्या जेझेरो विवरात तर नदीचा त्रिभुज प्रदेश फोटोत सरळ दिसतो.

मंगळ लहान आहे, आतून लवकर निवला, त्यामुळे चार अब्ज वर्षांपूर्वीच त्याचं चुंबकीय क्षेत्र बंद पडलं आणि सूर्याकडून येणारे कण हवेचा वरचा थर थोडा थोडा ओढून नेत राहिले. हे आत्ताही चालूच आहे, नासाच्या मावेन यानानं ते मोजलं, साधारण सेकंदाला १०० ग्रॅम. मावेन पोचलं सप्टेंबर २०१४ मध्ये आणि दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला सकाळी, आपलं मंगळयान पोचलं. ती सकाळ मी विसरू शकत नाही. काही हवा वर उडाली, काही खडकांमध्ये आणि बर्फात अडकली, आणि हा दुसरा भाग किती हाच पुढच्या सगळ्या चर्चेचा कणा आहे.

५. मंगळ गरम कसा करणार? इथं आपण न ठरवता पृथ्वी गरम केली, तर तिथं काय अवघड?

कल्पना तीच आहे, उष्णता अडवणारे वायू सोडायचे. कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पट जोरदार असे फ्लोरिनचे वायू असतात, ते तिथल्याच खनिजांतून कारखाने काढून बनवायचे, असा जुना प्रस्ताव आहे. दुसरा प्रस्ताव अवकाशात भले मोठे आरसे लावायचा.

सगळ्यात नवा विचार २०२४ मधला. मंगळाच्या धुळीत लोखंड आणि अॅल्युमिनियम भरपूर, त्यापासून ९ मायक्रोमीटर लांबीच्या बारीक सळ्या बनवायच्या, आपल्या लग्नाच्या कार्डावर चमकी असते ना तसल्या पण त्याहून बारीक, आणि सेकंदाला ३० लिटर या वेगानं हवेत सोडत राहायच्या. त्या जमिनीची उष्णता परत खाली पाठवतात आणि ऊन पुढे ढकलतात. हिशोबाप्रमाणे काही वर्षांत ३० अंशांनी तापमान वाढू शकतं आणि वायूंच्या पद्धतीपेक्षा हे हजारो पट स्वस्तात होतं. मला हा अभ्यास आवडला कारण त्यात इथून काही न्यायची भाषा नाही, तिथलीच धूळ वापरायची आहे. पण सोडणं थांबवलं की सळ्या खाली बसणार आणि मंगळ परत गार होणार, आणि गरम झाला म्हणजे हवा आली असं होत नाही, ते पुढच्या प्रश्नात.

६. ध्रुवांवर अणुबॉम्ब टाकून बर्फ वितळवायचा म्हणे, ते खरं का?

इलॉन मस्क यांनी २०१५ मध्ये टीव्हीवर हे बोलून दाखवलं, तेव्हापासून हा प्रश्न पहिल्या तिनात असतोच. कल्पना अशी की ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, तो वाफ करून हवेत आणला की हवा दाट होईल, दाट झाली की गरम होईल, गरम झाली की उरलेला पण बाहेर येईल, चक्र आपोआप सुरू.

चक्र बरोबर आहे, माल नाही. २०१८ मध्ये ब्रूस जकॉस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी वीस वर्षांचा यानांचा डेटा घेऊन मोजदाद केली. ध्रुवांवरचा सगळा कार्बन डायऑक्साइड सोडला तर दाब फार तर दुप्पट होतो, ६ चा १२. मातीला चिकटलेला वगैरे जो हाताशी येण्यासारखा आहे तो धरून २० मिलीबारच्या आसपास. आपल्याला पाहिजेत हजार, गेला बाजार तीनशे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चुनखडीसारख्या खडकांत खोलवर आणखी असू शकेल, पण तो काढायचा तर अख्ख्या ग्रहाची साल खणून भट्टीत घालायला लागेल.

मला विचाराल तर या सगळ्या विषयात हीच एक गोष्ट लोकांपर्यंत पोचायला हवी आणि तीच पोचत नाही. लोकांना वाटतं तंत्रज्ञान कमी पडतंय, पैसे कमी पडतायत, तर मुळात तिथं हवेचा साठाच कमी पडतोय.

७. मग हवा बाहेरून आणायची. धूमकेतू आपटवायचे!

आठवीतल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न, आणि चांगला आहे, धूमकेतूंत बर्फ आणि नायट्रोजनवाली संयुगं असतातच. आकडा बघू. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे तेवढाच दाब आणायला मंगळावर दर चौरस मीटरवर पृथ्वीपेक्षा अडीच पटीहून जास्त हवा लागते. पूर्ण ग्रहाला पृथ्वीएवढा दाब द्यायचा तर साधारण ३९०० लाख कोटी टन वायू, आत्ता तिथं आहे त्याच्या दीडशे पटीहून जास्त. १० किमी व्यासाचे धूमकेतू धरले तर हजारोंनी लागतील, आणि आपण आजवर एकाही धूमकेतूची दिशा बदललेली नाही. २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानानं दिदिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या १६० मीटरच्या डायमॉर्फसला धडक देऊन त्याची फेरी अर्ध्या तासानं कमी केली, ती आपली आजची पायरी. शिवाय धडका चालू असताना मंगळावर कोणी राहू शकणार नाही हेही आहेच.

८. ऑक्सिजन मंगळावर बनवून झालाय असं वाचलं. मग प्रश्न कुठे राहिला?

हो, झालाय, आणि मला त्याचा खूप आनंद आहे. पर्सिव्हिअरन्सच्या पोटात मॉक्सी नावाचं गाडीच्या बॅटरीएवढं यंत्र होतं. मंगळाची हवा आत ओढायची, दाबायची, ८०० अंशाला तापवायची आणि विजेच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटा करायचा. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदा चाललं, २०२३ पर्यंत १६ वेळा चालवलं, आणि एकूण ऑक्सिजन निघाला १२२ ग्रॅम. माणसाला दिवसाला अंदाजे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे दोन वर्षांची कमाई एका माणसाला साडेतीन तास पुरेल. यंत्र मुद्दाम छोटं केलं होतं, मोठं केलं तर रॉकेटच्या टाकीला आणि एखाद्या तळाला पुरेल एवढा ऑक्सिजन नक्की निघेल. पण ग्रहाच्या हवेत श्वास घेण्यापुरता ऑक्सिजन भरायचा तर अंदाजे ७८० लाख कोटी टन. पिण्याच्या पाण्याचा माठ भरणं आणि धरण भरणं यात फरक आहे तोच इथं आहे.

९. झाडं लावली की ऑक्सिजन आपोआप होईल ना? पृथ्वीवर तसाच झाला.

तसाच झाला, पण किती वेळात ते बघा. पृथ्वीवर सायनोबॅक्टेरियांनी (उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू) ऑक्सिजन बनवायला सुरुवात केल्यावर हवेत तो टिकायला लागला साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी, आणि आजच्या पातळीच्या आसपास यायला त्यानंतर दीड अब्जाहून जास्त वर्षं गेली. सुरुवातीचा ऑक्सिजन समुद्रातलं लोखंड गंजण्यातच संपत होता. मंगळाचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंजच. १९९१ च्या 'नेचर' मधल्या त्या निबंधात (प्रश्न १) अंदाज होता की ग्रह आधीच गरम आणि ओला झालाय असं धरलं तरी झाडांना श्वास घेण्याजोगी हवा बनवायला लाखभर वर्षं लागतील.

आणि शाळेत अर्धवट शिकवतात असा एक मुद्दा: झाड जेवढा ऑक्सिजन सोडतं जवळजवळ तेवढाच ते कुजताना परत वापरला जातो. शिल्लक राहायला पाहिजे तर मेलेली पानं-खोडं न कुजता कायमची गाडली जायला हवीत. हे कागदावर वाचून पटत नाही, ते एकदा प्रत्यक्ष घडलंय.

१०. प्रत्यक्ष घडलंय म्हणजे? कोणी करून बघितलंय का?

अमेरिकेत अॅरिझोनात, ओरॅकल गावाजवळ, बायोस्फिअर २. तीन एकरांवर काचेचं घर, आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेत, शेळ्या, कोंबड्या. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली, दार सील झालं, दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही असं ठरलेलं.

हळूहळू ती माणसं दमायला लागली. जिना चढताना धाप, रात्री झोपेत श्वास अडकून जाग येणं. हवा मोजली तर ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून उतरत उतरत १६ महिन्यांत १४.२ टक्क्यांवर आलेला, म्हणजे चार हजार मीटर उंच डोंगरावर राहिल्यासारखं. जंगल हिरवंगार दिसतंय आणि ऑक्सिजन गायब. कारण काय तर शेतीसाठी मुद्दाम भरपूर कंपोस्ट घातलेली काळीभोर माती भरली होती, त्यातल्या जिवाणूंनी ती कुजवताना ऑक्सिजन खाल्ला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. पण तो कार्बन डायऑक्साइड तेवढा वाढलेलाही दिसेना, म्हणून कोडं सुटायला वेळ लागला. तो जात होता भिंतींत. नवं काँक्रीट होतं, त्यातला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडी बनवत होता. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरायला लागला.

तीन एकर, अॅरिझोनाचं ऊन, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, पृथ्वीची माती, आणि दाराबाहेर मोकळी हवा, एवढं सगळं असून हिशोब चुकला. लोक याला फसलेला प्रयोग म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. आतल्या माणसांनी दोन वर्षं पूर्ण केली आणि आपल्याला जे कळलं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळलं नसतं.

११. समजा ऑक्सिजन भरला, मग झालं ना? नायट्रोजन कशाला पाहिजे, तो तर आपण वापरतच नाही.

वापरतो. एक तर प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन आहे, तो नसेल तर पीक नाही. दुसरं म्हणजे आग. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या चाचणीत जमिनीवरच्या यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, ठिणगी पडली आणि तीन अंतराळवीर गेले. हवेत ऑक्सिजनला सौम्य करणारा, नुसता भरतीचा असा वायू लागतोच. मंगळाच्या हवेत नायट्रोजन तीनेक टक्के, तेही ६ मिलीबारच्या तीन टक्के. बंद घरापुरता तो गोळा करता येईल, ग्रहापुरता नाही.

१२. पाणी तरी आहे का?

पाण्याची बाजू खरंच चांगली आहे. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वितळला तर अख्ख्या मंगळावर ११ मीटर पाणी उभं राहील एवढा आहे. मध्यम अक्षांशांत तर जमिनीखाली थोडंसं खणलं की बर्फ. २००८ मध्ये फिनिक्स यानानं उत्तरेत एक चर खणला, त्यात फाशांएवढे पांढरे तुकडे दिसले, चार दिवसांनी फोटो घेतला तर तुकडे नाहीत. मीठ असतं तर राहिलं असतं, उडून गेलं म्हणजे बर्फ. मी हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पोरांना दाखवतो, तुम्हीही शोधून बघा.

तो तुकडा वितळला नाही, थेट वाफ झाला, कारण एवढ्या कमी दाबाला पाणी द्रवरूपात टिकत नाही. २०२४ मध्ये मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापनावरून असंही मांडलं गेलं की साडेअकरा ते वीस किमी खोलीवर खडकांच्या भेगांत द्रव पाणी असावं, पण तेवढं खोल आपण पृथ्वीवरही जेमतेम पोचलोय.

१३. तिथल्या मातीत बटाटे लावता येतील का?

सरळ नाही. त्याच फिनिक्सला मातीत परक्लोरेट सापडलं, साधारण अर्धा टक्का. हे क्षार आपल्या थायरॉइडला आयोडिन घेऊ देत नाहीत. ते पाण्यात विरघळतात म्हणून माती धुवून काढता येते, आणि परक्लोरेट फोडून त्यातून ऑक्सिजन काढणारे जिवाणू पृथ्वीवर आहेत, तेव्हा हे सुटण्यासारखं आहे. खरी अडचण म्हणजे ती मातीच नाही, दगडाचा भुगा आहे. माती म्हणजे भुगा अधिक कुजलेलं अधिक जीवजंतू.

तो दगड मात्र आपल्या ओळखीचा. मंगळाचं बरंचसं कवच बेसाल्टचं आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तोच. म्हणून लोणारचं विवर मंगळाच्या अभ्यासकांना महत्त्वाचं वाटतं, बेसाल्टवर उल्का आदळून तयार झालेली आणि शाबूत राहिलेली अशी जागा पृथ्वीवर फार दुर्मीळ. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरघाटीला एक उल्का पडली, ती मंगळाचा तुकडा निघाली, त्यातली धक्क्यानं काचेसारखी झालेली मॅस्केलिनाइट नावाची चीज लोणारच्या दगडांतही सापडते. विवराच्या काठावर तो काळा दगड हातात घेतला की मंगळ एवढा परका वाटत नाही.

१४. चुंबकीय क्षेत्र नाही म्हणजे कितीही हवा भरली तरी उडूनच जाणार. मग सगळं व्यर्थ नाही का?

भरपूर हुशार लोक इथं चुकतात म्हणून नीट वाचा. सेकंदाला १०० ग्रॅम म्हणजे वर्षाला तीनेक हजार टन. आत्ताची विरळ हवासुद्धा २५ लाख कोटी टन आहे. भागून बघा, अब्जावधी वर्षं येतात. तरुण सूर्य जास्त खवळलेला होता तेव्हा हवा वेगानं गेली, आता तो वेग नाही. त्यामुळे जो कोणी शंभर-हजार वर्षांत हवा भरू शकेल त्याला गळतीची काळजी करायचं कारण नाही. २०१७ मध्ये नासाचे जिम ग्रीन यांनी सूर्य आणि मंगळ यांच्यामध्ये चुंबकीय ढाल ठेवायची कल्पना मांडली होती, ती रोचक आहे, पण पहिली गरज ती नाही. पहिली गरज साठ्याची (प्रश्न ६).

रेडिएशनचं पण तसंच. क्युरिऑसिटीनं मोजलेलं प्रमाण दिवसाला ०.६७ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक). आपल्याकडे अणुकेंद्रातल्या कामगाराला एका वर्षात ३० ची मर्यादा आहे, मंगळावर ती दीड महिन्यात संपते. पण त्यावरची मुख्य ढाल दाट हवा हीच आहे, आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला दहा टन हवा असते. हवा आली तर रेडिएशन सुटलं, नाही आली तर दोन-तीन मीटर मातीखाली घर.

१५. सगळं जमलं असं धरू. मग काय बदलता येणार नाही?

गुरुत्वाकर्षण. पृथ्वीच्या ३८ टक्के, ते तेवढंच राहणार. अंतराळ स्थानकात शून्याच्या जवळ असताना हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. ३८ टक्क्यांत किती उतरेल, गर्भ कसा वाढेल, लहान मुलाचं हाड कसं घडेल याचा अनुभव माणसाकडे नाही, पृथ्वीपेक्षा कमी गुरुत्वाकर्षणाच्या जमिनीवर माणूस सगळ्यात जास्त राहिला तो अपोलो १७ मध्ये, चंद्रावर, तीन दिवस. ऊन पण बदलत नाही, आपल्या ४३ टक्के. वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे उन्हाळा लांब आणि हिवाळाही लांब.

१६. मग शक्य काय आहे ते तरी सांगा, सगळं नाहीच म्हणताय.

नाही म्हणत नाहीये, आकार छोटा करा म्हणतोय. ग्रह नको, तुकडा घ्या. २०१९ मध्ये रॉबिन वर्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिलिका एरोजेलचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर पुरतो. हा पदार्थ हातात घेतला तर गोठलेल्या धुरासारखा दिसतो आणि त्याला वजन जवळजवळ नसतंच. तो थर बर्फाळ जमिनीवर अंथरला की उजेड आत जातो, अतिनील किरण अडतात आणि खालची जमीन आहे त्यापेक्षा ५० अंशांनी जास्त गरम होऊ शकते. यंत्र नाही, वीज नाही. आपल्याकडचं पॉलीहाउस डोळ्यासमोर आणा, नाशिकचे द्राक्षवाले किंवा तळेगावचे फूलवाले करतात त्यातलाच प्रकार, फक्त आत दाब पण धरायचा. त्याखाली शेवाळ, मग दगडफूल, मग पीक, सगळं सावकाश. ज्वालामुखीच्या लाव्हाच्या जुन्या बोगद्यांतही राहण्याचा विचार आहे, छत आयतं मिळतं. हे या शतकात सुरू होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

१७. एकच आकडा सांगा, किती वर्षं?

बंद घरात काही माणसं: काही दशकं. एरोजेलखाली हिरवे पट्टे: शंभर वर्षांच्या आत जमू शकतं. मास्क काढून मोकळ्यावर श्वास: आज जो साठा दिसतोय त्यात होत नाही, साठा आणला तरी हजारो वर्षं. यापेक्षा कमी सांगणाऱ्याला प्रश्न ७ आणि ८ मधले आकडे विचारा.

१८. तिथं आधीच जीव असतील तर? आपण त्यांना मारणार का?

मला यावर झोप न लागलेल्या रात्री आहेत. खोलवर जिथं पाणी असावं तिथं साधे जिवाणू असणं अशक्य नाही. मंगळ गरम केला, आपले जिवाणू सोडले, आणि मग काही सापडलं तर ते तिथलं की आपलंच नेलेलं हे कायमचं कळणार नाही, आणि तिथलं असेल तर कदाचित आपण ते संपवलेलं असेल. १९६७ च्या अंतराळ करारातल्या नवव्या कलमात दुसरे ग्रह दूषित करू नका असं आहे, म्हणूनच यानं निर्जंतुक करून पाठवतात. माझं मत स्पष्ट आहे: नीट शोध घेऊन 'इथं काही नाही' असं म्हणता येईपर्यंत मोकळ्यावर काहीही सोडू नये, बंद घरातली शेती खुशाल करावी.

१९. मंगळावर एकरभर जमिनीचं सर्टिफिकेट विकतात, घेऊ का?

घेऊ नका. त्याच कराराच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे कुठल्याही देशाला दुसऱ्या ग्रहावर मालकी सांगता येत नाही, मग तुम्हाला विकणाऱ्याकडे ती आली कुठून?

२०. पृथ्वी बिघडतेच आहे, तर दुसरी सोय नको का?

अंटार्क्टिकाच्या मधोमध हिवाळ्यात जा. तिथं श्वास घेता येतो, दाब पुरेसा आहे, रेडिएशन नाही, बर्फ हाताशी आहे. मंगळाची सगळ्यात चांगली जागा याच्या पासंगालाही पुरत नाही. पृथ्वी कितीही तापली तरी ती मंगळापेक्षा दुरुस्त करायला सोपी आहे, तेव्हा 'तिकडे जाऊ' हे इथलं काम सोडायचं कारण होऊ शकत नाही. मंगळावर जायची माझ्या लेखी कारणं वेगळी आहेत, जीव तिथं झाला होता का हे बघणं हे पहिलं.

२१. मुलीला यात काम करायचंय, दहावीत आहे. काय करू दे?

रॉकेटच बनवायला पाहिजे असं नाही हे आधी तिला सांगा. बंद हवेत पीक वाढवणारे, जिवाणूंचे अभ्यासक, खडक वाचणारे, एरोजेलसारखे पदार्थ बनवणारे असे लोक लागणार आहेत. पुढे तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विषयांची शिक्षणसंस्था आहे, ग्रहांच्या अभ्यासासाठी अहमदाबादची पीआरएल आहे, आणि भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊनही या वाटेला येता येतं.

आत्ता घरी करायचं असेल तर लोणच्याची काचेची बरणी स्वच्छ धुवून घ्या, तळाशी खडे, वर कुंडीतली माती, पावसाळ्यात भिंतीवर येतं ते मॉस, चार चमचे पाणी, झाकण घट्ट लावून मेणानं बंद करा आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवा. दुसरी बरणी तशीच, पण मातीत मूठभर शेणखत जास्त. दर रविवारी दोन्हीचे फोटो, काचेवर पाणी किती साचलं, रंग काय, बुरशी कुठे, सगळं तारखेसकट वहीत. झाकण मात्र उघडायचं नाही. सहा महिन्यांनी वही आम्हाला दाखवायला आणा, माळावर यायचं असेल तर येताना स्वेटर आणा, पहाटे गार असतं.